हवालदार कुणाला चावला?

शाळा म्हणजे चार भिंती, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या शाळेच्या भिंती बघितलेल्या नाहीत. पावसात त्यांना शेवाळ यायचं आणि उन्हाळ्यात वरचा पत्रा असा तापायचा की हातातला खडू घामाने ओला व्हायचा. मग मी पोरांना बाहेर काढायची. आता निवृत्त झाल्यावर लोक सत्काराला बोलावतात आणि माइकवरून सांगतात, ‘बाईंनी निसर्गशिक्षणाचा प्रयोग केला.’ कसला डोंबलाचा प्रयोग! आत उकडायचं म्हणून बाहेर गेलो. बाहेर गेल्यावर कळलं की वर्गात तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारं पोर रानात आलं की त्याला गप्प करता करता आपल्या नाकी नऊ येतात.

मी मूळची मालवणची. बंदर जवळ, घरात रोज ताजे मासे. नेमणूक झाली ती आमच्याच जिल्ह्यात, पण नांदगाव स्टेशनावर उतरून आत डोंगराकडे जावं लागतं तिथल्या एका वाडीत. मासे यायचे ते मोटरसायकलच्या पेटीतून, आणि आमच्या वाडीपर्यंत पोचेस्तोवर त्यात बांगडेच उरलेले असायचे. पहिलं वर्ष मी रडून काढलं आणि पुढची सगळी भांडून काढली.

बाहेरचा तास म्हणजे सहल नव्हे, हे आधी सांगते, कारण शहरातल्या माणसांना तसंच वाटतं. भाताचा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, आधी पावलांनी मोजायचा, मग टेपने मोजायचा, आणि दोन्हीत फरक का आला यावर भांडायचं. काजीखाली, म्हणजे काजूच्या झाडाखाली, पडलेल्या बियांचे दहा-दहाचे ढीग करायचे. गडग्याच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या, भोकातून कोण आत जातं, कोण बाहेर येतं ते बघत गप्प बसायचं, आणि हा सगळ्यात कठीण धडा. चालताना चौथीची पोरं पुढे, पहिलीची मधे आणि मी शेवटी. पुढच्याला नुसती वाट दिसते, पोरं दिसतात ती शेवटच्याला. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायचं आणि शाळेची पायरी उतरली की मालवणी, हा माझा कायदा होता.

आणखी एक कायदा होता, तोच या सगळ्या हकिगतीचं मूळ. रानात काहीही झालं, काटा लागला, काही चावलं, कुणी पडलं, नुसतं घाबरलं तरीसुद्धा, बाईंना तिथल्या तिथे सांगायचं. सांगणाऱ्याला ओरडा नाही. फांदीवरून पडलेल्याला नाही, दुसऱ्याची कैरी चोरताना गडग्यावरून घसरलेल्यालासुद्धा नाही. रानात पोरांना वाचवायचं ते औषधाच्या पेटीने नव्हे, त्यांच्या तोंडाने, हे मला फार लवकर कळलं होतं.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी माळावर, चढायच्या आधी राखणदार देवाचा पाषाण लागतो. तिथं चौथीतलं एक पोर गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीची प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून ओरडायची. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे चारचौघांत मोठ्याने बोललेला शब्द. तो मागे घेता येत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. एकदा वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं, “हे कुठल्या अभ्यासक्रमात बसतं?” मी उत्तर शोधतेय तोवर पोरगं पुढे झालं आणि म्हणालं, “ह्या सायबाच्या पायाक काटो लागूचो नाय, असा कर रे म्हाराजा!” सगळी ओरडली, ‘व्हय म्हाराजा!’ साहेबांनी मुकाट्याने बूट काढून हात जोडले आणि शेऱ्यात ‘उत्तम’ लिहून गेले.

आणि आमच्याबरोबर हवालदार असायचा. तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला गावठी कुत्रा. पोरांच्या रांगेत पुढून मागे, मागून पुढे अशी गस्त घालायचा म्हणून पोरांनीच नाव ठेवलं. एखादं पोर मागे राहिलं की तो त्याच्याजवळ बसून राहायचा आणि भुंकायचा. खरं सांगायचं तर माझं अर्धं काम तो करायचा, आणि पगार म्हणून खिचडीच्या टोपाला लागलेली खरवड खायचा.

वाडीत या बाहेरच्या तासाला विरोध करणारा माणूस एकच, बाबल. काजी-आंब्याची बाग, स्वतःचा टेम्पो, रानडुकरांपासून बाग राखायची परवान्याची बंदूक, आणि मुख्य म्हणजे देवळात वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. आवाज असा की पलीकडच्या वाडीत ऐकू जावा. त्याची मुलगी सानिका चौथीत होती. तो शाळेत येऊन मला म्हणाला होता, “बाईनू, रान आमच्या पोरांका जन्मापासून म्हायत आसा. तां कित्याक दाखवतास? पुस्तक शिकवा.”

“पुस्तकच शिकवतंय,” मी म्हटलं. “पानां जरा मोठी आसत, इतक्याच.”

तो हसला नाही. त्याला माझ्यासारख्या मालवणच्या बाईने रानाबद्दल बोलावं हेच पटत नसे.

शिमगा होऊन गेला होता. एका सकाळी बाहेरचा पिसाळलेला कुत्रा वाडीत शिरला. दोन वासरांना धावून गेला, आणि बाबलने त्याला व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी गोळी घातली. त्याचं काही चुकलं नाही. पण वेळ शाळेची होती आणि पोरं वाटेवर होती. जनावर एका गोळीत मेलं नाही. मग काठ्या चालल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पोरं फारशी बोलली नाहीत. मी समजले, घाबरलीत.

घाबरली होतीच. पण त्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. तो कुत्रा मरायच्या आधी शाळेच्या मागे हवालदाराशी झोंबला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी, शनिवारची सकाळची शाळा. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, मी एकटी. सड्यावर जायला रांग लागली तरी हवालदार आला नाही. खिचडी करणाऱ्या शेवंताकाकींनी सरपणाच्या खोलीतून मला हाक मारली. 

“बाईनू, लांबसूनच बघा हां.”

हवालदार कोपऱ्यात उभा होता. जबडा लोंबत होता, लाळेची तार जमिनीला टेकलेली. मी हाक मारली तर त्याने बघितलं, पण ते माझ्याकडे नव्हे. मग त्याने समोरचं लाकूड दातात धरलं आणि चावतच राहिला. मी दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. 

पोरं रांगेतच उभी होती. मी विचारलं, “ह्याका काय झाला?”

पोरं एकमेकांच्या पाठीमागे सरकली.  शेवटी पहिलीतला विराज, ज्याच्या पोटात काही राहत नसे, तो रडत म्हणाला, “तेका तो पिसो कुत्रो चावलेलो. आमी कोणाक सांगूक नाय. बाबलकाका मारतलो म्हणान.”

“आणि हवालदार कोणाक चावलो?”

विराजने तोंड दाबून धरलं. म्हणजे कुणाला तरी चावला होता.

हा रोग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पिसाळलेल्या कुत्र्याचा दात लागला तर वेळेवर जखम धुऊन सुया घेतल्या की माणूस वाचतो. उशीर झाला आणि रोग एकदा डोक्यात चढला, तर जगातला कुठलाही डॉक्टर हात टेकतो. मधे काही नाही. या रांगेतलं एक पोर त्या उशिरात उभं होतं आणि ते कुठलं हे मला कळत नव्हतं.

“कोणाक चावलो? सांगा! आपलो नेम काय आसा?”

चौथीतल्या एका मुलाने हात वर केला. “माका.” त्याच्या शेजारच्याने हात वर केला. “माका पण.” मग तिसरा, मग सानिका, मग सगळी रांग. विराजनेसुद्धा दाबलेलं तोंड सोडून हात वर केला. एकजात सगळ्यांना कुत्रा चावला होता! बेत त्यांनी आधीच करून ठेवलेला. सगळ्यांना चावला म्हटलं तर कुणालाच चावला नाही असं मोठ्यांना वाटेल, आणि हवालदार सुटेल.

मी ओरडले. रानातल्या कायद्यात ओरडा नाही असं सांगणारी मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडले. पोरं रडली, पण हात खाली आले नाहीत. पाय तपासावेत तर आमच्या पोरांच्या पायांवर करवंदीचे ओरखडे, काजीच्या चिकाचे डाग, जुन्या खपल्या. त्यात दात कुठला आणि काटा कुठला, काय ओळखणार? शेवटी शेवंताकाकींनी भांड्यांचा साबण आणला. सगळी शाळा नळाखाली उभी केली आणि सगळ्यांचे पाय आणि हात घासघासून धुतले.

तेवढ्यात बंदूक खांद्यावर टाकून बाबल आला. कोणीतरी फोन केलाच होता.

“चावी देवा, बाईनू.”

“नाय.”

“पिसो झालो तो. दोन मिनटांचा काम आसा.”

“तुझो टेम्पो खंय आसा?”

“टेम्पो कित्याक?”

“पोरांका सरकारी दवाखान्यात नेवची आसत. सगळ्यांका. आता, ह्या घटकेक. तू हय बार काढीत बसलंस तर गाडी कोण चालवतलो? आणि कुत्रो कोंडलेलो आसा, तो खंय जाता?”

त्याने पोरांकडे बघितलं, आपल्या सानिकाकडे बघितलं. बंदूक शेवंताकाकींच्या हातात देऊन तो टेम्पो आणायला धावला. माणूस तिखट होता, पण पोरांचं नाव काढलं की वितळायचा.

काजीच्या पोत्यांच्या जागी पोरं बसवली आणि निघालो. मी एकेकाचा चेहरा बघत होते. कोण जास्त घाबरलंय? कोण कुठला पाय झाकतंय? एरवी टेम्पोत बसायला मिळालं की गाणी म्हणणारी ही पोरं, त्या दिवशी वळणावर एकमेकांवर पडली तरी कुणी हसलं नाही. सानिका माझ्या शेजारीच होती. दोन वेण्या वर बांधलेल्या, लाल रिबिनी, अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. तिने माझा हात धरला होता. मला वाटलं, शहाणं पोर, मला धीर देतंय.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हे लटांबर बघून त्या आधी हसल्या. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

“लस मी सगळ्यांना देते,” त्या म्हणाल्या. “कुत्र्याशी सगळीच खेळलीत, लाळ लागली असेल. पण दात लागला असेल त्याला लसीवर भागत नाही. त्याला आणखी एक औषध जखमेतच टोचावं लागतं. जखमच माहीत नसेल तर ते टोचू कुठे? बाई, मला ते मूल शोधून द्या. लवकर.”

त्यांनी एकेकाला आत घेऊन पाय पाहिले, हात पाहिले. प्रत्येक पोर आपला एखादा ओरखडा दाखवायचं आणि ‘हयसर चावलो’ म्हणायचं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी पोरांना दवाखान्याच्या आवारात नेलं. सुरंगीचं झाड होतं, त्याखाली गोल करून बसवलं. बाहेरचा तासच म्हणायचा. ओरडून झालं होतं, हात जोडून झाले होते, मरणाची भीती घालून झाली होती. मी खाली बसले आणि विचार केला, ही पोरं खोटं का बोलतायत? मोठ्यांवर विश्वास नाही म्हणून. बाईंचा शब्द त्यांना पुरणार नाही, कारण बंदूक बाईंच्या हातात नाही.

बाबल कठड्याला टेकून उभा होता. मी उठून त्याच्यासमोर गेले.

“बाबल, गाऱ्हाणा घाल.”

“हय?” तो चपापला. “दवाखान्यात? डोक्या फिरला काय तुमचा?”

“हयच घाल. हवालदाराक कोण मारूचो नाय म्हणान.”

“पिशा कुत्र्याक मारू नको? बाईनू, मी वाडीक काय तोंड दाखवू?”

“तो कोंडलेलो आसा. तो आपल्या मरणान मरतलो, कोणाक काय करूचो नाय. पण तू शब्द दिलंस नाय तर ह्यांच्यातला एक पोर मरतला. तुझ्या वाडीतला, बाबल. ह्यांचो विश्वास माझ्यार नाय, तुझ्यार नाय. गाऱ्हाण्यार आसा.”

त्याने झाडाखालच्या पोरांकडे बघितलं. मग पायातल्या चपला काढल्या. गाव ज्या दिशेला आहे तिकडे तोंड केलं आणि हात जोडले. रुग्णांचे नातेवाईक, रिक्षावाले, सगळे वळून बघायला लागले.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां शीव वलांडून परक्या जाग्यार इली हत.”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग सवयीने, हळूच, “व्हय म्हाराजा.”

“काय चुकला माकला आसात ता पोटात घाल.”

“व्हय म्हाराजा!”

“शाळेतल्या त्या मुक्या जनावरार माझ्या हातान नाय, माझ्या वाडीच्या कोणाच्या हातान नाय, काठी उगारूची नाय, बार काढूचो नाय. हो माझो शब्द.”

“व्हय म्हाराजा!!”

“आणि ज्या पोराक तो चावलो आसात, तेका तोंड उघडूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

या वाक्याला ‘व्हय’ आलं नाही. सानिका उठली. आपल्या बापाकडे न बघता माझ्यासमोर आली, वळेसर काढून माझ्या हातात दिला आणि डाव्या कानावरची वेणी वर उचलली.

“माका,” ती म्हणाली. “परवा. तेका पायरीखालसून वडून काढी होतंय तेव्हा.”

कानामागे दोन बारीक भोकं. आम्ही सगळ्या शाळेचे पाय धुतले होते, हो! कान कुणी बघितला नव्हता. आणि चावा डोक्याच्या जितका जवळ तितका वेळ कमी, हे मला ठाऊक होतं.

 बाबलचे हात अजून जोडलेलेच होते.  मी त्याच्याकडे बघायला थांबले नाही, पोरीला उचललं आणि आत धावले.

डॉक्टरीणबाईंनी कान साबणाने धुतला, पुन्हा पुन्हा धुतला, आणि ते औषध कानामागे टोचलं. मोठा माणूस किंचाळेल अशा जागी सुई गेली. सानिकाने माझं बोट पिळवटलं आणि एवढंच विचारलं, “हवालदार जेवलो आसात?” मी तिची वेणी वर धरून ठेवली. बाकीच्यांनाही दंडात सुया मिळाल्या आणि खोटं बोलणारी सगळी टोळी खरोखरची केकाटली.

परत आल्यावर शाळेसमोर माणसं काठ्या घेऊन उभी होती. बाबल टेम्पोतून उतरला, शेवंताकाकींकडून बंदूक घेतली आणि सरपणाच्या खोलीकडे चालू लागला.  ज्याच्या एकुलत्या एक पोरीला कुत्रा चावला, त्याच्या शब्दाचं काय सांगावं? तो दारापर्यंत गेला, वळला, उंबऱ्यावर बसला आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली.

“शब्द दिलंय,” तो लोकांना म्हणाला. “घराक जावा.”

सोमवारपासून शाळा देवळात भरवली. बाबल दिवसभर त्या दाराशी. जनावरांचे डॉक्टर आले, खिडकीतून बघून म्हणाले, आता उपाय नाही, हवं तर इंजेक्शन देऊन सोडवतो. बाबलने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. गाऱ्हाण्यात काठी आणि बंदूक म्हटलं होतं, सुई म्हटली नव्हती. पण पोरांना ते कसं समजावणार? आम्ही नको म्हटलं. आतला तो आवाज ऐकताना मला आपण फार मोठं पाप करतोय असं वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला. डॉक्टरांच्या माणसांनी हातमोजे घालून त्याला नेलं आणि खोल पुरलं. पोरांना मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. ती रडली, मीही रडले, पोरांसमोर.

त्यानंतर सानिकाच्या उरलेल्या सुया. दर वेळी बाबल टेम्पो घेऊन यायचा. सुया संपल्या तरी माझा जीव टांगणीलाच. या रोगात माणसाला पाणी गिळवत नाही, म्हणून ती पाण्याचा पेला तोंडाला लावायची तेव्हा मी शिकवायचं थांबवून बघत असे. पाणी घशाखाली उतरलं की पुढचा धडा सुरू.

सुट्टी लागायच्या आधी बाबल पुन्हा शाळेत आला. मान खाली घालून म्हणाला, “बाईनू, पोरांका सड्यार कधी नेतलास? पोरां विचारतत.”

दुसऱ्याच दिवशी गेलो. रांगेत गस्त घालायला कुणी नव्हतं. पोरं जपून चालत होती. राखणदारापाशी गाऱ्हाणं झालं आणि थोडं पुढे गेलो, तोच विराज बोट वर करून धावत आला.

“बाई, माका मुंगी चावली.”

मी बोट बघितलं. लाल ठिपका होता. “बरा केलंस सांगलंस,” मी म्हटलं. झालं! एकेक करून सगळी येऊ लागली. माका काटो लागलो. माका डास चावलो. माझो पाय मुरगाळलो, पण आता बरो झालो. मी प्रत्येकाचं बोट, पाय, कोपर नीट बघितलं. त्या दिवशी गणित झालं नाही, काही झालं नाही.

शेवटी सानिका आली. समोर उभी राहिली, कानावरची वेणी स्वतःच वर केली आणि म्हणाली,

“बाई, माका कायएक झाला नाय. तरी सांगूक इलंय.”